तीन वर्षांच्या आत तिकीट नाही

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड असो की फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे तिकीट लागत नाही. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेलेल्या आजी-आजोबांचा मुक्काम संपत आला की घरात हा नियम हटकून निघतो. त्यांनाही दाखवून होईल, बाळाचंही तिकीट पडणार नाही, मग आत्ताच जाऊन येऊ, असा बेत ठरतो. त्याच घरातलं कुणीतरी म्हणतं, एवढ्याशा जिवाला काय कळणार आहे तिथलं? दोन्ही बाजू नाव बाळाचं घेतात आणि बोलतात मात्र पार्कबद्दल. या प्रकरणात प्रश्न बाळाच्या बाजूने विचारायचा आहे: चार, आठ किंवा बारा महिन्यांचं मूल अशा ठिकाणी नेलं, तर ते नेमकं कुठे गेलेलं असतं? बालविकासाच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या अभ्यासातून जे हाती आलं आहे, ते मला एकाच उत्तराकडे नेतं. पहिल्या वर्षातलं मूल माणसासोबत जातं. जागा त्याला त्या माणसामार्फत मिळते, त्याच्या चेहऱ्यातून, अंगाच्या उबेतून, चालण्याच्या लयीतून. म्हणून बाळाचा दिवस कसा गेला हे ठरतं त्याला कडेवर घेणारा माणूस दुपारी तीन वाजता कोणत्या अवस्थेत होता त्यावरून.

नजरेपासून सुरुवात करू. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पाजायला घेतलेल्या बाळाच्या डोळ्यांपासून आईच्या चेहऱ्याचं अंतर साधारण तेवढंच भरतं. तीन-चार महिन्यांत रंग कळू लागतात, दोन्ही डोळे जोडीने काम करू लागतात, जवळ-दूरची जाण येते. सहा महिन्यांचं मूल दारातून आत येणारं घरचं माणूस ओळखून हसतं. म्हणजे दिसत नाही अशी गोष्ट नाही. पण डिस्नेलँडचा किल्ला आपल्याला भव्य वाटतो, कारण किल्ला म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक असतं, त्यातल्या झोपलेल्या राजकन्येची गोष्ट ठाऊक असते, आणि त्याचं चित्र लहानपणापासून हजार वेळा बघितलेलं असतं. पाच महिन्यांच्या मुलाजवळ यातलं काहीच नसतं. ७७ फुटांचा तो किल्ला समोर असताना ते आजोबांच्या चष्म्याची दांडी बघत बसतं, आणि त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच असतं. दांडी हाताला लागते, चकाकते, तोंडात घालता येते, ओढली की आजोबा काहीतरी बोलतात. किल्ला बाळाला कसलंच उत्तर देत नाही.

बाळ जग कुणाच्या डोळ्यांनी बघतं, याचा एक प्रयोग फार सुंदर आहे. १९६०मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 'दृष्टीकडा' नावाने ओळखली जाणारी रचना वापरली: भक्कम काचेचं टेबल, अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खूप खाली. रांगणारं मूल मध्यावर येतं आणि पुढे खड्डा दिसतो म्हणून थबकतं. १९८५मध्ये जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खोली मुद्दाम कमी, सुमारे तीस सेंटिमीटर ठेवली, म्हणजे धोका आहे की नाही हे मुलाला ठरवता येऊ नये. पलीकडच्या टोकाला आई. आईने तोंडाने चकार शब्द काढायचा नाही, फक्त चेहरा. वर्षाची मुलं काठाशी येऊन थांबली, खाली बघितलं, आणि मग वर आईकडे बघितलं. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९पैकी १४ मुलं काचेवरून पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७पैकी एकही गेलं नाही. काच तीच, कापड तेच, खोली तीच. मुलाने जागेचा अर्थ आईच्या तोंडावर वाचला. थीम पार्क हा अशा शेकडो कड्यांचा रस्ता आहे: अंधारे बोगदे, अचानक वाजणारे भोंगे, डोक्यावरून किंचाळत जाणारी गाडी. अशा प्रत्येक ठिकाणी मूल वर बघणार, आणि वर जे दिसेल तेवढंच त्याचं थीम पार्क.

आता त्या वर बघण्याच्या क्षणी काय दिसतं याचा विचार करा. बहुतेक वेळा फोनची पाठ दिसते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला निश्चल चेहऱ्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, पुन्हा प्रयत्न करतं, आणि शेवटी मान फिरवून मिटून जातं. फोटो काढताना आईवडील बाळाकडे दुर्लक्ष करत नसतात, उलट ते त्याच्याकडेच टक लावून बघत असतात. पण मिकीच्या वेशातला माणूस पुढे येतो, नेमक्या त्याच वेळी त्यांचा चेहरा फोनमागे जातो. पोशाखातल्या त्या पात्राचा चेहराही निश्चल असतो, डोकं बाळाच्या अख्ख्या अंगापेक्षा मोठं, आणि हसू कधी न बदलणारं. आपल्याकडे आठ-नऊ महिन्यांच्या मुलाबद्दल म्हणतात, बाळ आता माणसं ओळखायला लागलं. कालपर्यंत कुणाकडेही जाणारं मूल परक्याला बघून आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. हे वाढीचं लक्षण आहे, हट्ट नाही. या वयात त्याला पात्राच्या हाती देऊन फोटो काढण्याचा आग्रह धरू नये असं माझं ठाम मत आहे. चार पावलांवर उभं राहून, आपण हसून हात हलवून, मूल स्वतःहून वाकतं का ते बघावं. वाकलं नाही तर पुढे जावं.

चेहऱ्यानंतर शरीर. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी असते, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याला लवकर लागते. घाम कमी येतो, आणि सावलीत सरकणं त्याच्या हातात नसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन शक्यतो लावू नये, सावली आणि अंगभर सुती कपडा हेच त्याचं संरक्षण, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्या वयात कडक उन्हातही वरचं पाणी द्यायचं नसतं. आईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणीच असतं. ऊन वाढलं की बाळाला जास्त वेळा पाजायचं. म्हणजे बाळाची पाण्याची बाटली आईच्या हातात असते आणि ती आईने रिकामी करायची असते. चाळीस मिनिटं रांगेत उन्हात उभ्या असलेल्या, सकाळपासून दोन घोट पाणी प्यायलेल्या आईच्या कडेवरचं बाळ किरकिर करतं, तेव्हा बाळाला काय झालं असं विचारतात. विचारायचं आईला असतं. बाबागाडीवर उन्हासाठी कोरडं पातळ कापड टाकण्याची सवयही सोडायला हवी. हवा अडते आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वर जातं. कापड ओलं ठेवलं, सोबत छोटा पंखा लावला आणि हवेला वाट ठेवली, तर उलट गारवा मिळतो.

आवाजाचंही तसंच. बाळाच्या कानाची नळी आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे पट्टीत वरचे आवाज तिच्यात अधिक जोराने घुमतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शनात स्फोटासारख्या आवाजाची मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० डेसिबल दिली आहे. आकडे जवळचे वाटतात, पण डेसिबलच्या मोजणीत वीसचा फरक म्हणजे आवाजाच्या दाबात दहापट फरक. डिस्नेच्या पार्कांत अनेक रात्री आतषबाजी असते, आणि ती बघायला सगळ्यात चांगली मानलेली जागा म्हणजे किल्ल्यासमोरची, सगळ्यात दाट गर्दीची. दिवाळीत आपण बाळाच्या कानात कापसाचे बोळे घालतो किंवा टोपरं बांधतो. त्याने थंडी अडते, आवाज फारसा अडत नाही. कानांवर बसणारे, डोक्यावरून पट्टा असलेले लहान मुलांचे आवाजरोधक मिळतात, ते घ्यावेत. त्याहून सोपं म्हणजे आतषबाजीच्या आधी निघावं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तान्ही मुलं जत्रेत गेली आहेत. जेजुरीच्या गडावर, पंढरीच्या वाटेवर, गावच्या उरुसात, आईच्या कडेवर किंवा पाठीच्या झोळीत. त्यांचं काय बिघडलं? मला वाटतं, जत्रेतल्या बाळाचं चांगलं चाललं असेल तर ते एका कारणाने: जत्रेला दिवसाचं तिकीट नसतं. देवदर्शन झालं, बांगड्या घेतल्या, पाळण्यात मोठं पोर बसवून झालं, तान्हं कंटाळलं की झाडाखाली दुपटं अंथरायचं. थीम पार्कमध्ये मोठ्यांनी माणशी शंभराहून जास्त डॉलर मोजलेले असतात, आणि खर्च केलेला पैसा वसूल झाला पाहिजे ही भावना माणसाला सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत चालवते. अर्थशास्त्रात बुडीत खर्चाची चूक म्हणतात ती हीच: जे पैसे परत येणार नाहीत त्यांच्यापायी पुढचे तासही घालवणं. बाळाचं तिकीट फुकट असतं, तरी मोठ्यांच्या तिकिटाची वसुली त्याच्याकडून होते. चार ते अकरा महिन्यांच्या मुलाला दिवसभरात बारा ते सोळा तास झोप लागते, आणि त्याला बाबागाडीत किंवा पाठीवर सलग तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९पासून सांगते आहे. हे दोन आकडे धरून दिवस आखला तर पार्कात चार-पाच तास पुरेत, असं मला वाटतं. सकाळी दार उघडताना आत जावं आणि जेवणवेळी बाहेर पडावं, हे बाळाचं खरं माप. आणि जत्रांबद्दल एवढंही खरं मानायला हवं की सगळीच मुलं धड परत येत नव्हती. जुन्या गर्दीतून साथीही घरी येत.

साथीची नोंद डिस्नेलँडच्या बाबतीतही आहे. डिसेंबर २०१४च्या मध्यावर तिथल्या गर्दीतून गोवर पसरला आणि अमेरिकेत १४७ जणांपर्यंत पोचला. कॅलिफोर्नियातल्या सुरुवातीच्या ११० रुग्णांत १२ तान्ही मुलं अशी होती की त्यांचं लस घेण्याचं वयच झालं नव्हतं. गोवराचा विषाणू रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकतो, म्हणजे बंद दालनातल्या राइडमध्ये कोण आधी बसून गेलं यालाही महत्त्व येतं. भारतात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत देतात, अमेरिकेत नेहमीचा पहिला डोस वर्षानंतर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्याआधीच ओसरू लागलेली असते. म्हणून दोन खंडांत ये-जा करणाऱ्या कुटुंबांनी बाळाच्या डॉक्टरांना लवकरच्या डोसाबद्दल विचारावं. परदेश प्रवासाआधी सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक जादा डोस द्यावा, अशी अमेरिकी आरोग्य यंत्रणेचीच शिफारस आहे. आणि आजूबाजूला साथ असेल तर पार्क पुढच्या वर्षावर टाकावं. इथे मी मुळीच सैल व्हायला तयार नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. नवं नवं दाखवलं की मेंदू तल्लख होतो, मग एवढे दिवे, रंग, संगीत बाळाला मिळू दे की. २०१२मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी सात-आठ महिन्यांच्या मुलांना पडद्यावर वेगवेगळे घटनाक्रम दाखवले. पुढे काय होणार हे सहज कळत होतं तिथून मुलांनी नजर काढली, आणि जिथे काहीच अंदाज बांधता येत नव्हता तिथूनही काढली. टिकली ती मधल्या मापावर. तान्हं मूलही आपलं शिकणं असं स्वतः बेतत असतं. तोंड फिरवणं, डोळे चोळणं, अचानक झोपी जाणं ही त्याची दारं बंद करण्याची रीत आहे. म्हणून सगळ्या पार्कात बाळाच्या मापाची जागा कोणती, असं विचारलं तर मी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'कडे बोट दाखवीन. १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी ही होड्यांची सफर उभी केली होती, १९६६मध्ये ती डिस्नेलँडला आली. उंचीची अट नाही, बाळाला मांडीवर घेऊन बसता येतं. होडी पाण्याच्या ओढीने हळू सरकते, ऊन नाही, एकच सूर निरनिराळ्या वाद्यांवर फिरून फिरून येतो, आणि दोन्ही काठांवर गोल चेहऱ्यांच्या बाहुल्या माना हलवतात. मोठ्यांना ते गाणं दुसऱ्या वळणावर नकोसं होतं. बाळाला तेच हवं असतं: सूर ओळखीचा, रंग दर वळणाला नवा. मांडीवरचं मूल कधी बाहुल्यांकडे बघेल, कधी होडीच्या कडेवर थरथरणाऱ्या उजेडाच्या कवडशाकडे, आणि मधूनच मान मागे टाकून वर बघेल. तेव्हा आईने त्याच्याकडे बघितलं, की त्याची सफर पुरी होते.

उरतो तो आजीबाईंचा प्रश्न: मोठेपणी आठवणार थोडंच आहे? मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणीचं वय सरासरी तीन-साडेतीन वर्षांचं निघतं. फुकट प्रवेशाची हद्दही तीनच, हा योगायोग आहे, तरी विचार करायला लावणारा. पण न आठवणं म्हणजे न उमटणं नव्हे. कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी पाळण्यावरच्या झुंबराची दोरी बाळाच्या पायाला बांधली. लाथ मारली की झुंबर हलतं हे तीन महिन्यांच्या मुलांना आठवडाभर लक्षात राहिलं, सहा महिन्यांच्या मुलांना दोन आठवडे. आणि मध्ये झुंबराची नुसती झलक दाखवली तर त्याहून जास्त. २०२५मध्ये येल विद्यापीठात ट्रिस्टन येट्स, निक टर्क-ब्राउन यांच्या गटाने चार महिने ते दोन वर्षांच्या जाग्या मुलांचे मेंदू-आलेख काढले. चित्र पहिल्यांदा बघताना मेंदूतला हिप्पोकॅम्पस जितका अधिक सक्रिय, तितकं ते चित्र पुन्हा दिसल्यावर मूल त्याच्याकडे अधिक वेळ बघत होतं, आणि वर्ष ओलांडलेल्या मुलांत हे ठळक होतं. आठवण तयार होते, मग हाताला लागेनाशी होते. यावरून पार्कात न्यायलाच हवं असं सिद्ध होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घरातल्या बोरन्हाणाने जे होतं तेच इथे होतं, आणि बोरन्हाण अर्ध्या तासात, ओळखीच्या माणसांत, आईच्या हाताच्या अंतरावर होतं. पण आठवणार नाही म्हणून नेऊ नये, हाही तर्क टिकत नाही. त्या न्यायाने अंगाई आणि न्हाणंही वाया गेलं म्हणावं लागेल.

मग बाळाला घरीच ठेवून का जाऊ नये? आजी तयार असेल आणि बाळ वरचं घेत असेल तर अवश्य. पण पुष्कळदा सहल असते ती चार-पाच वर्षांच्या मोठ्या भावंडाची, आणि तान्हं सोबत येतं कारण त्याला आई लागते. मुलींना चक्रीपाळण्यावर बसवून आपण बाकावर शेंगदाणे खात बसलो असताना, मोठ्यांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी असं सुचलं, असं वॉल्ट डिस्ने सांगत. १७ जुलै १९५५ला उघडलेल्या त्या जागेत बाकावर बसणाऱ्यासाठी आज एक सोय आहे. जोराच्या राइडना उंचीची अट असते, स्पेस माउंटनला १०२ सेंटिमीटर. वर्षाचं मूल जेमतेम ७५ सेंटिमीटर भरतं. तेव्हा एक पालक बाळापाशी थांबतो, दुसरा मोठ्या मुलाला घेऊन जातो, आणि परतल्यावर थांबलेल्याला पुन्हा लांब रांगेत न उभं राहता आत सोडतात. मेन स्ट्रीट या तिथल्या मुख्य रस्त्याच्या टोकाला बाळांसाठी वेगळं घर आहे, पाजायला आडोसा, लंगोट बदलायला ओटे, खाणं गरम करायची सोय. तिथे घालवलेला अर्धा तास पार्कातून वजा झाला असं धरू नये. बाळाच्या हिशेबात तो पार्काचाच भाग असतो. थांबायची पाळी आजोबांची असली तर त्यांनीही सावलीत बसून पाणी प्यावं.

आणि पुढे सांगायची गोष्ट. न्यूझीलंडमधल्या अभ्यासात माओरी लोकांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या वयापर्यंत मागे जाताना दिसली, युरोपीय वंशाच्या लोकांची साडेतीनच्या आसपास थांबली. माओरी घरांत मुलांना त्यांचं आणि घराण्याचं पूर्वीचं पुन्हा पुन्हा सांगण्याची रीत आहे; अभ्यासकांना या फरकात त्या सांगण्याचा हात दिसतो. डिस्नेलँडचा फोटोही सहा-सात वर्षांनी असाच निघेल. मूल विचारेल, मी कुठे बघतोय? मागे किल्ला असेल, शेजारी मिकी असेल, आणि त्याची नजर या दोघांवर नसेल, फोटो काढणाऱ्यावर असेल. मग सांगायचं, ही आजीची बोटं, तुला धरून बसली होती, तू तिची बांगडी फिरवत होतास, आणि त्यानंतर तू जो झोपलास तो गाडीत बसेपर्यंत उठला नाहीस.